मेनूची नस्ती

आमच्या सोसायटीचं नाव कर्तव्यपूर्ती. मनीषनगरात मागच्या अंगाला अठ्ठावीस घरं आहेत आणि त्यांतल्या बावीस घरांत सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली माणसं राहतात. निवृत्त झाली असं कागदावर आहे. सकाळी फिरायला निघतात तीसुद्धा पदाच्या क्रमानं. पुढे भैयाजी, कारण ते अधीक्षक होते. मग मुख्याध्यापिका पुष्पलताताई. मग वजनमापे खात्याचे निरीक्षक ताराचंदजी, ज्यांनी आयुष्यभर इतवारीतल्या दुकानदारांचे तराजू तपासले. आणि सगळ्यांत मागे मी, धम्मानंद. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ होतो. तंत्रज्ञाला माणसांत धरायचं की सामानात, हे त्यांचं अजून ठरलेलं नाही.

सोसायटीच्या सभागृहात एक जुना कम्प्युटर आहे. कोणाच्या तरी जावयानं नवा घेतला तेव्हा जुना आम्हाला भेट दिला आणि भेटीची पाटी कम्प्युटरपेक्षा मोठी लावली. दिवाळीनंतर तो सुरूच होईना. कोणाचं काही अडलं नाही. अडलं फक्त जयाचं.

जया म्हणजे चौथ्या गल्लीतल्या देवाजींची सून. देवाजी मिलमधले जुने कामगार. त्यांचा मुलगा अंकुश सरकारी कार्यालयात लिपिक होता आणि नोकरीत असतानाच गेला. त्याच्या जागी जयाला अनुकंपेवर घेतलं. ऑर्डरमध्ये अट होती की दोन वर्षांच्या आत मराठी टंकलेखनाची सरकारी परीक्षा पास व्हायची, मिनिटाला तीस शब्द. नाही झाली तर नोकरी संपली. एकदा बसली होती, चोवीसवर अडकली. दोन वर्षं मार्चअखेर भरत होती, म्हणजे पंधरा डिसेंबरचा पेपर हाच शेवटचा. घरात म्हातारा सासरा, सातवीतली लेक पिंकी, आणि कमावणारी ही एकटी. ऑफिसात तिघांमध्ये एक कम्प्युटर, आणि ती ऑफिसातून सुटेपर्यंत टायपिंगच्या क्लासला कुलूप लागलेलं असे. म्हणून रोज सात ते आठ सोसायटीच्या सभागृहात बसून ती बोटं बडवायची.

कम्प्युटर बंद पडला त्या दिवशी ती माझ्या दारात उभी राहिली. "काका, तुमाले यातलं समजते म्हनतात. होईन काय काही?"

"अर्ध्या तासाचं काम आहे वं," मी म्हणालो. या वाक्याची मला आजही लाज वाटते.

काम खरंच अर्ध्या तासाचं होतं. विंडोज त्या मशीनला पेलत नव्हतं. मी ते काढून लिनक्स टाकलं, त्यातलंही सगळ्यांत हलकं, आणि दम टाकणारं ते मशीन सरसर चालायला लागलं. टायपिंगचा प्रोग्रॅमही चढवला. राहिला होता फक्त मेनू. म्हणजे एक बटन दाबलं की पडद्यावर छोटी यादी उघडते, तिच्यातून हवं ते निवडायचं. बाकी पडदा रिकामा.

"काका, तेवढं टायपिंगचं एक चित्र पडद्यावर लावून द्या ना," जया म्हणाली. "दाबलं की सुरू."

"चित्रं म्हणजे ओझं," मी म्हणालो. "दोन दिवस थांब. असा मेनू बनवून देतो की पाहतच राहशील."

आता हा मेनू असतो म्हणजे काय, तर साध्या अक्षरांची एक फाईल. एका ओळीत एक काम. स्वल्पविरामाच्या डावीकडे नाव लिहायचं, उजवीकडे मशीनला द्यायची आज्ञा. मी सहा ओळी लिहिल्या: टायपिंग, इंटरनेट, कॅल्क्युलेटर, गाणी, पत्ते, बंद करा. दहा मिनिटं लागली. मग त्याच फाईलीत मी मेनूला निळा रंग देणाऱ्या ओळी टाकल्या. मग तो निळा फार गडद वाटला. मग कोपरे चौकोनी होते ते गोल केले, आधी जास्त गोल झाले, मग कमी. मग वरच्या बाजूला एक छोटं घड्याळ बसवलं. सेकंदकाटा नसलेलं, कारण सेकंदांमुळे मशीनवर भार पडतो. यात चार संध्याकाळी गेल्या. जया रोज साताला यायची, दारातून बघायची आणि घरी जायची.

"तिले टायपिंग पाह्यजे," माझी बायको सरिता म्हणाली. "तुमचे गोल कोपरे तिच्या पेपरात येनार हायेत काय?"

मी म्हणालो, तुला यातलं सौंदर्य समजायचं नाही. खरोखर असं म्हणालो मी.

पाचव्या दिवशी मेनू तयार झाला आणि मी दुसरी चूक केली. तो मी भैयाजींना दाखवायला नेला. गरज नव्हती. पण एकतीस वर्षं मी लोकांच्या टेलिफोनच्या तारा जोडल्या आणि माझ्या एकाही कामाचा कधी ठराव झाला नाही. मला वाटलं, हा होईल.

भैयाजी सोसायटीचे अध्यक्ष. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ गेले, आणि सहा ओळी वाचायला चार मिनिटं घेतली.

"पहिल्या नंबरवर टायपिंग काहून?"

"जया रोज वापरते, म्हणून."

"वापर हा निकष होऊ शकत नाही, धम्मानंद. वापरावरून क्रम लावला असता तं आमच्या ऑफिसात चपराशी पहिला आला असता." त्यांनी मान हलवली. "ज्येष्ठता यादी कुठे हाय याची?"

मला वाटलं थट्टा करताहेत. ते थट्टा करत नव्हते. कोणता प्रोग्रॅम या मशीनवर कोणत्या तारखेला रुजू झाला, याची त्यांना यादी हवी होती. मी म्हटलं, सगळे एकाच दिवशी. ते म्हणाले, मग वेळ पहा. मी वेळ काढून आणली. कॅल्क्युलेटर मूळ लिनक्सबरोबरच आलेला निघाला, बाकीच्यांच्या चाळीस मिनिटं आधी. भैयाजींचा चेहरा उजळला. चाळीस मिनिटांची ज्येष्ठता म्हणजे त्यांच्या लेखी पुष्कळ झाली. टायपिंग शेवटी चढवलं होतं, म्हणून ते पाचव्या क्रमांकावर गेलं. सहावं होतं "बंद करा", आणि ते सेवानिवृत्तीसारखं असल्यामुळे शेवटीच राहील, असं त्यांनी तोंडी सांगितलं.

तेवढ्यावर भागतं तर बरं होतं. पण अध्यक्षांनी एकट्यानं निर्णय घेणं नियमात बसत नव्हतं, म्हणून मेनू समिती स्थापन झाली. भैयाजी, पुष्पलताताई, ताराचंदजी आणि तंत्रज्ञ म्हणून मी, मताचा अधिकार नसलेला. समितीची मान्यता होईपर्यंत कम्प्युटरचा वापर करू नये, असंही ठरलं. सभागृहाची किल्ली भैयाजींच्या खिशात गेली.

पुष्पलताताईंचा आक्षेप "पत्ते" या शब्दावर होता. "सार्वजनिक यंत्रावर पत्ते? उद्या पिंकीसारखी मुलगी इथे येईल आणि पहिला शब्द वाचेल पत्ते."

"ताई, मी खेळतो ना रोज," ताराचंदजी म्हणाले. "एकट्याचा खेळ आहे. दिमाग तेज राहते."

शेवटी पत्त्यांचं नाव "बौद्धिक विकास" ठेवायचं ठरलं. ताईंनी मेनूत सुविचारांसाठी जागा मागितली. ताराचंदजींनी खिशातून स्टीलची पट्टी काढली, पडद्याला लावून मेनू मोजला आणि साडेअकरा बाय नऊ सेंटिमीटर अशी नोंद केली. पुढच्या वर्षी परत मोजावा लागेल, म्हणाले. काहून विचारलं तर म्हणाले, मापं दर वर्षी तपासावी लागतात. मेनू वाढेल काय आपोआप? ते म्हणाले, इतवारीतले दुकानदारही हेच विचारत होते.

मग मी तिसरी चूक केली. नावं बदलणं किती सोपं आहे हे दाखवायला मी समितीसमोर ती फाईल उघडली, अक्षरं मोठी करून. भैयाजींनी ती पांढऱ्या पानावरची एकाखाली एक ओळी असलेली फाईल पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते कधी विसरणार नाही. जुना मित्र भेटावा तसे ते पुढे झुकले.

"अरे, हे तं नस्ती आहे!"

नस्ती म्हणजे सरकारी बोलीत फाईल, ज्यात खालच्यानं प्रस्ताव मांडायचा आणि वरच्यानं त्यावर टिप्पणी लिहायची. निवृत्तीनंतर आठ वर्षं भैयाजींसमोर एकही नस्ती आली नव्हती. "तू जा," ते मला म्हणाले. "मी टिप्पणी देतो यावर."

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी सभागृहात गेलो तर कम्प्युटरसमोर जया बसली होती. क्षणभर आनंद झाला. मग दिसलं की मागे हात बांधून भैयाजी येरझाऱ्या घालत आहेत. त्यांना स्वतःला टाइप करता येत नव्हतं. छत्तीस वर्षं त्यासाठी माणसं होती. जया दारात आशेनं उभी राहिलेली दिसली, तशी त्यांनी तिला आत घेऊन बसवलं होतं.

"लिही. सदर प्रस्ताव तपासला." ते थांबले. वरून विमान उतरत होतं. आमच्या डोक्यावरूनच जातात विमानतळाकडे. ते पूर्ण जाईपर्यंत भैयाजी डोळे मिटून उभे राहिले. "तथापि…" पुन्हा थांबले. खिडकीपर्यंत जाऊन आले. "तथापि च्या पुढे काय लिहिलं तू?"

"काही नाही साहेब. तुमी सांगितलं नाही."

"बरोबर. थांब."

तीस शब्द मिनिटाला लागणार होते. भैयाजी तासाला तीसच्या वेगानं सांगत होते. जयाची बोटं कीबोर्डवर नुसती टेकून बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

पुढे जे झालं ते मला आधी कळायला हवं होतं. मेनूला प्रस्ताव आणि टिप्पणी यांतला फरक समजत नाही. रंगाच्या, कोपऱ्यांच्या आणि घड्याळाच्या ओळी सोडल्या तर फाईलीत जी ओळ असेल ती तो यादीत दाखवतो. तिसऱ्या दिवशी समिती जमली, मी बटन दाबलं, आणि माझ्या निळ्या गोल कोपऱ्यांच्या मेनूत, घड्याळाच्या खाली, एकाखाली एक ओळी आल्या. "सदर प्रस्ताव तपासला." "तथापि क्रमांक एकबाबत सहमत नाही." "ज्येष्ठता यादी जोडावी." "चर्चा करावी." त्याखाली कॅल्क्युलेटर वगैरे.

पुष्पलताताईंनी माऊस हातात घेऊन "चर्चा करावी" दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

"चर्चा होत नाही आहे," त्या म्हणाल्या.

मी घाईघाईनं म्हटलं की या ओळी मी काढून टाकतो. भैयाजी असे दचकले की जणू मी सभागृह पाडायचं म्हणालो. "नस्तीतली टिप्पणी काढता येत नाही, धम्मानंद! ते रेकॉर्ड आहे. चुकलं असन तं वर नवी टिप्पणी लावता येते. काढता नाही येत."

तेव्हा वर नवी टिप्पणी लागली. मग तिच्यावर ताईंची, शुद्धलेखनाबद्दल. मग ताराचंदजींची, मेनूची लांबी आता एकवीस सेंटिमीटर झाली असून पडद्याची परवानगीयोग्य उंची तेवीस आहे, अशी. नोव्हेंबर संपता संपता मेनू पडद्याच्या खालून बाहेर पडला. एक बाण दाबून धरला की टिप्पण्या सरकत राहायच्या, आणि जमिनीजवळ कुठेतरी टायपिंग यायचं. प्रत्येक ओळ जयानं टाइप केलेली होती. साताला येऊन आठ वाजता जायची, आणि त्या तासाभरात तिनं पाच टिप्पण्या लिहिलेल्या असायच्या. तिसाव्या शब्दाची गाठ पडायला भैयाजींना चार विमानं लागायची.

हे मी थांबवू शकलो असतो काय? शकलो असतो. टायपिंगचं चित्र पडद्यावर लावायला मला दोन मिनिटं लागली असती. पण मला अध्यक्षांशी वाकडं घ्यायचं नव्हतं, आणि अजूनही वाटत होतं की या सगळ्यातून शेवटी एक ठराव निघेल आणि त्यात माझं नाव असेल. जया दोनदा म्हणाली, "काका, पंधरा तारीख जवळ येऊन राहिली." दोन्ही वेळा मी म्हणालो, "या आठवड्यात होते वं." घाबरट माणूस होतो मी, आणि वरून हौशी.

सहा डिसेंबरला सकाळी मी आणि सरिता दीक्षाभूमीवर अभिवादनाला गेलो. गर्दीत देवाजी भेटले, पांढरा सदरा घालून, काठी टेकत. जयाचा सासरा म्हणून मी नजर चुकवणार होतो, पण त्यांनीच हात केला.

"धम्मानंदभाऊ, एक विचारू काय?"

"विचारा ना."

"जया मेनू मेनू म्हन्ते. तो किती मोठा असते गा? महिना झाला, बनूनच राह्यला."

मी त्यांना फाईल, ओळी, समिती असं काहीबाही सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मले त्यातलं नाही समजत. मिलमंदी मशीन बंद पडली तं आमी घंट्याभरात चालू करत होतो. म्हनून विचारलं." मग म्हणाले, "आता तं लेकरू दिवाणावर बोटं आपटते घरी. कागदावर पेटी काढली हाय तिनं, त्याच्यावर."

पेटी म्हणजे कीबोर्ड. रागाचा एक शब्द नव्हता त्यांच्या बोलण्यात. सरिता माझ्याकडे बघतही नव्हती, पिशवीतलं पाणी शोधत होती, आणि माझी मान खाली गेली ती घरी येईपर्यंत वर आली नाही. बाई कागदाच्या कीबोर्डवर सराव करत होती आणि मी घड्याळाचा सेकंदकाटा काढल्याचा अभिमान बाळगून होतो. मला स्वतःचा फार राग आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ठरवूनच गेलो. भैयाजी "उपरोक्त" वर अडकले होते. तेवढ्यात त्यांना घरून रक्तदाबाच्या गोळीसाठी हाक आली आणि ते गेले.

"ऊठ जया," मी म्हणालो. "मी हे सगळं पुसतो. काय व्हायचं ते होऊ दे."

ती उठली नाही. पडद्यावरच्या टिप्पण्यांकडे बघत राहिली. ऑफिसात पावणेदोन वर्षं होत आली होती तिला, आणि तेवढ्यात ती माझ्यापेक्षा जास्त शिकली होती, हे मला तेव्हा कळलं.

"पुसलं तं साहेब परत लिहाले बसवतीन, काका. नव्यानं. सगळं." ती हळू बोलत होती. "असं काही नसते काय, की ओळ फाईलीत राह्यली पाह्यजे, पन मेनूत नाही दिसली पाह्यजे?"

"असते ना. ओळीच्या सुरुवातीला ही खूण टाकायची." मी कीबोर्डवर तीनच्या आकड्यावरची खूण दाखवली, दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघांची जाळी. "ही दिसली की मशीन ती ओळ वाचतच नाही. ओळ मात्र जागच्या जागी राहते."

जयानं एकदा जाळी टाकून पाहिली. मग हसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसताना पाहिलं तिला. "तुमी जा काका," ती म्हणाली. "साहेबाइले मी पाहतो."

मी गेलो नाही, दाराबाहेर चपला शोधायचं निमित्त करून थांबलो. भैयाजी पंधरा मिनिटांनी परत आले. तोवर जयानं वरपासून खालपर्यंत एकेका ओळीपुढे जाळी टाकली होती.

"हे काय आहे? सगळ्याइच्या समोर?"

"तपासल्याची खूण आहे साहेब. एकेक टिप्पणी वाचून पाह्यली. एकशे बारा झाल्या."

भैयाजी चष्मा वर करून, मान मागे नेऊन, सगळी फाईल खाली जाईपर्यंत बघत राहिले. "शाब्बास. छत्तीस वर्षांत माझ्या एकाही कारकुनानं असं केलं नाही."

"आता वरिष्ठाइकडे सादर करायची ना साहेब?"

"वरिष्ठ? वरिष्ठ तं मीच…" ते थांबले. एक विमान गेलं. मेनू समितीच्या वर कोण, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

"आमसभा," जया म्हणाली. "आमसभेले सादर करतो मी. आन् सादर झालेल्या नस्तीवर ते परत येईपर्यंत टिप्पणी लिहिता येत नाही, बरोबर हाय ना साहेब?"

"अर्थातच नाही!" भैयाजी जवळजवळ ओरडलेच. तिला शिकवायला मिळाल्याचा आनंद झाला त्यांना. "तोपर्यंत जैसे थे."

आमसभा फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी होती. नस्तीची देखभाल करायला म्हणून त्यांनी सभागृहाची किल्ली जयाच्या हातात दिली. त्या रात्रीपासून पंधरा तारखेपर्यंत ती रोज सात ते आठ नाही, सात ते साडेनऊ बसली. आठ दिवस. खिडकीतून कीबोर्डचा आवाज यायचा, न थांबणारा. विमान गेलं तरी थांबत नसे. मध्ये ताराचंदजी एकदा पत्ते खेळायला आले होते. "बौद्धिक विकास कुठे गया बेटा?" त्यांनी विचारलं. "प्रलंबित हाय साहेब," जया म्हणाली. हा शब्द ऐकून त्यांचं पूर्ण समाधान झालं आणि ते घरी जाऊन मोबाईलवर खेळत बसले.

निकाल आमसभेच्या चार दिवस आधी लागला. जया पास. मिनिटाला बत्तीस शब्द. देवाजींनी चौथ्या गल्लीत घरोघरी पेढे वाटले, आमच्या दारात आले तेव्हा माझ्या हातावर दोन ठेवले. मी ते दोन्ही सरितासमोर धरले, तिनं खाल्ले.

आमसभेत भैयाजींनी जयाला फुलं दिली आणि बावीस मिनिटं भाषण केलं. समितीनं केलेल्या सततच्या पाठपुराव्यामुळे हे यश मिळालं, असा त्याचा सारांश होता. जया पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती. मग ते म्हणाले, "आता मेनू मान्यतेस्तव सादर करण्यात यावा." मी कम्प्युटर भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडला होता. बटन दाबलं.

मेनू उघडला. दोन ओळी होत्या. "टायपिंग." "बंद करा."

ताराचंदजींचा हात सवयीनं खिशातल्या पट्टीकडे गेला.

"बाकीचं कुठे आहे?" भैयाजींनी विचारलं.

जया उठली. तिनं फाईल उघडून टीव्हीवर दाखवली. सगळं होतं, तारीखवार. ताईंचं शुद्धलेखन, ताराचंदजींचे सेंटिमीटर, भैयाजींचं "तथापि". एकही अक्षर हललं नव्हतं आणि प्रत्येक ओळीच्या पुढे जाळी होती.

"साहेब, त्या दिवशी मी खोटं बोलली," जया म्हणाली. "ही तपासल्याची खूण नोहे. ही खूण लावली की ओळ राहते, पन मशीन ते वाचत नाही. मले पास व्हाचं होतं. तुमचं काहीच पुसलं नाही मी. सगळं रेकॉर्डवर हाय."

पुष्पलताताईंनी "नोहे" ऐकून तोंड उघडलं आणि मिटलं. भैयाजी रागावतील असं सगळ्यांना वाटलं. ते रागावले नाहीत. ते खुर्चीवर बसले आणि टीव्हीवरच्या त्या लांबलचक फाईलीकडे बघत राहिले. ठराव मांडायचा राहिला, चहा झाला, माणसं घरी गेली. मी तारा गुंडाळत होतो तेव्हा ते अजून तिथेच होते.

"धम्मानंद."

"बोला साहेब."

"मी छत्तीस वर्षं टिप्पण्या लिहिल्या गा. रोज. लाल शाईनं. रात्री घरी आणून लिहिल्या." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "माझ्या कारकुनाइनं बी असंच केलं असन काय?"

मला त्यांची दया आली, खरंच आली. "नाही साहेब," मी म्हणालो. "तेव्हा कम्प्युटर कुठे होते?"

त्यांनी मान हलवली. पटलं की नाही माहीत नाही. काठी नसताना काठी असल्यासारखे सावकाश पायऱ्या उतरून गेले. मनात म्हटलं, बरं झालं, या माणसाला कोणीतरी दाखवायलाच हवं होतं.

मग बंद करण्याआधी मी ती फाईल एकदा खालपर्यंत सरकवली. एकशे बारा टिप्पण्यांच्या खाली माझ्या मूळच्या ओळी होत्या. निळ्या रंगाची ओळ. गोल कोपऱ्यांची ओळ. घड्याळाच्या तीन ओळी. चार संध्याकाळींचं काम. प्रत्येक ओळीच्या पुढे जाळी होती.

मी पुन्हा मेनू उघडून पाहिला. करडा होता, चौकोनी होता, घड्याळ नव्हतं. सात डिसेंबरपासून तो तसाच असणार. आत्ता, भर सभेत, भिंतीएवढा मोठा करून मीच तो सगळ्यांना दाखवला होता, आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"बंद करा" दाबून घरी आलो. सरितानं दार उघडलं. "मेनू पास झाला काय?"

"नाही," मी म्हणालो. "जया झाली."